मासे लागता लागता थांबतात तेव्हा: वाहते पाणी, फ्लोट आणि सुटे आमिष

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीत फ्लोट (गळाच्या दोरीवरचा तरंगणारा खुणेचा तुकडा) सोडून मासे धरताना आपण मुठीने सुट्या अळ्या पाण्यात टाकत राहता. पहिला अर्धा तास जवळजवळ प्रत्येक फेरीला, म्हणजे फ्लोट सोडून वाहू देऊन परत ओढेपर्यंत, मासा लागतो, मग फेऱ्या रिकाम्या जाऊ लागतात. आपण टाकणे वाढवता, दोन-चार लहान मासे पदरात पडतात आणि त्यानंतर सगळे शांत होते. पाणी साधारण दीड मीटर खोल आहे, प्रवाह मध्यम आहे, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके प्रमाण: किती अळ्या टाकाव्यात आणि किती वेळाने?

प्रमाणाबद्दल मी पुढे लिहिणार आहेच, पण माझ्या मते अडचण मुळात प्रमाणाची नाही. अशा वेळी मासे निघून गेलेले क्वचितच असतात. बहुतेकदा ते फक्त जागचे हललेले असतात, आणि त्यांना आपल्याच आमिषाने हलवलेले असते. कधी ते तळ सोडून मधल्या थरात येतात, कधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला सरकतात. गळ मात्र पहिल्या मासळीने जिथे घेतला तिथूनच वाहत राहतो. सुटे आमिष हे माशांचे पोट भरण्यासाठी नसते, त्यांनी कुठे उभे राहावे हे ठरवण्यासाठी असते. हे एकदा लक्षात घेतले की ‘किती टाकू’ या प्रश्नाच्या आधी ‘मी टाकलेले कुठे पोहोचते’ हा प्रश्न विचारावा लागतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. पाणी गढूळ असेल तर मासे धीट असतात आणि जास्त आमिष पचवतात. नितळ पाण्यात तेवढेच आमिष त्यांना बिचकवते. थव्याने राहणारे लहान-मध्यम मासे एका जागी गोळा होतात, एकेकटा फिरणारा मोठा मासा तसा बांधून ठेवता येत नाही. त्या पट्ट्यात मुळात दहाच मासे असतील आणि आपण सहा काढले असतील, तर कोणतीही युक्ती चालणार नाही. माझे पुढचे विवेचन थवा मोठा आहे आणि तरीही मासे लागणे थांबले आहे, हे गृहीत धरून आहे.

आता सुटे आमिष पाण्यात पडल्यावर काय होते ते पाहू. घरी एका उंच काचेच्या भांड्यात पाणी घ्या, आपण वापरता ती अळी त्यात सोडा आणि ती तळाला जायला किती वेळ लागतो ते मोजा. समजा ती सेकंदाला १० सेंटिमीटर या वेगाने बुडते. मग दीड मीटर खोल पाण्यात तिला तळ गाठायला १५ सेकंद लागतील. पृष्ठभागाचा प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर तेवढ्या वेळात वरचे पाणी साडेसात मीटर पुढे गेलेले असते. खालचे पाणी वरच्यापेक्षा हळू वाहते. नदीचा सरासरी वेग पृष्ठभागाच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के धरतात. त्या हिशेबाने अळी जिथे पडली तिथून सहा-साडेसहा मीटर खाली तळाला लागेल. आपला आकडा वेगळा येईल, कारण अळीचा आकार, तिचे वय आणि पाण्यातली खळबळ यांनी फरक पडतो. पण तो आकडा काढल्याशिवाय बसू नये असे मला वाटते. अळीचा कोष झाला की तो अळीपेक्षा लवकर बुडतो, तोच फार जुना झाला तर तरंगतो, आणि शिजवलेले जड दाणे झपकन तळाला जातात. दोन प्रकारचे आमिष एकाच मुठीत मिसळून टाकले तर ते दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचते आणि थवाही दोन ठिकाणी विभागला जातो. पुष्कळांचा याच गोष्टीकडे काणाडोळा होतो.

बहुतेक जण फ्लोट जिथे पडतो तिथेच, त्याच क्षणी, मूठ रिकामी करतात. गळाच्या वर दोरीला वजनासाठी लावलेले शिशाचे छर्रे एकत्र दाबलेले असतील तर गळ दोन-तीन सेकंदांत तळाशी जातो. सुट्या अळ्या मात्र पुढचे दहा-बारा सेकंद त्याच्या डोक्यावरून तरंगत खाली येत असतात. म्हणजे फेरीच्या पहिल्या काही मीटरांत गळ एका थरात आणि आमिष दुसऱ्या थरात असते. सुरुवातीला हे खपून जाते, कारण मासे तळाशी असतात आणि त्यांना तळाशीच काहीतरी सापडते. पंधरा-वीस मिनिटांनी चित्र पालटते. वरून नियमित काहीतरी पडते आहे हे थव्याला कळते, आणि इतरांच्या आधी घास मिळावा म्हणून पुढचे मासे हातभर वर येतात. त्यांच्या मागचे आणखी वर येतात. दीड मीटर पाण्यात थवा पृष्ठभागापासून हात-दीड हातावर येऊन उभा राहिलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. उन्हाचा कोन बरोबर असेल तर वळताना त्यांची चंदेरी बाजू लखलखते. गळ त्यांच्या पोटाखालून निघून जातो आणि आपण समजतो की मासे गेले.

थवा वर आला आहे हे ओळखायला पाण्यात डोकावण्याची गरज नाही, फ्लोटच ते सांगतो. फ्लोट टाकल्यावर शेवटचा छर्रा खाली जाऊन तो पाण्यात आपल्या नेहमीच्या उंचीवर बसायला ठरावीक वेळ लागतो. तो वेळ मनात मोजण्याची सवय ठेवा. तीनच्या मोजणीला बसणारा फ्लोट पाचपर्यंत उंच राहिला, तर गळ मधल्याच कोणीतरी तोंडात धरला आहे. तो बुडत नाही, म्हणून आपण झटका देत नाही, आणि आमिष परत येते ते चघळलेले. अळी बाहेर काढून बोटावर ठेवून नीट पाहा. आतला रस शोषला जाऊन नुसती पातळ कातडी उरली असेल तर मासा आला होता आणि आपल्याला पत्ता लागला नाही. अळी टवटवीत असेल तर तिच्याकडे कोणी फिरकलेच नाही. या दोन्ही गोष्टींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून प्रत्येक रिकाम्या फेरीनंतर आमिष पाहिल्याशिवाय ते पुन्हा पाण्यात टाकू नये.

थवा वर आल्याची खात्री झाली की फ्लोट गळाच्या दिशेने ३० सेंटिमीटर सरकवा आणि एकत्र दाबलेले छर्रे सोडवून तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, सारख्या अंतराने, खाली लहान आणि वर मोठे, असे पसरवा. आता गळ दगडासारखा खाली न जाता सुट्या अळ्यांच्या गतीने, त्यांच्याच सोबत, कमानीत उतरेल. गळाचा स्वतःचा भारही मोजायला हवा. जाड तारेच्या मोठ्या गळावर एकच अळी लावली तर ती सुट्या अळीच्या दुप्पट वेगाने बुडू शकते. बारीक तारेचा, एक-दोन क्रमांकांनी लहान गळ लावला की हा फरक बराच कमी होतो. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका तो आकाराने लहान, हे नवीन माणसाने ध्यानात ठेवावे. हेच काचेच्या भांड्यात पाहता येते: एक सुटी अळी आणि एक गळाला लावलेली अळी एकदम सोडा. त्या दोघींतले अंतर पाहिल्यावर माशाला फरक का कळतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी शक्यता अशी की थवा वर न येता प्रवाहाच्या खालच्या अंगाला सरकतो. याची खूण अगदी स्पष्ट असते. सुरुवातीला फेरीच्या मध्यावर लागणारा मासा हळूहळू फेरीच्या शेवटी लागू लागतो, आणि मग आपला फ्लोट जिथपर्यंत जातो त्याच्याही पलीकडे थवा जाऊन बसतो. याला कारण बहुतेकदा हात सैल सुटणे हेच असते. एका वेळी पन्नास अळ्या टाकल्या तर पुढे उभे असलेले मासे त्यातल्या दहा-पंधरा खातात, उरलेल्या वाहत मागच्यांपर्यंत जातात. मागच्यांना काहीही धडपड न करता भरपूर मिळू लागले की त्यांना पुढे येण्याचे कारण उरत नाही, उलट पुढचेच मागे जातात. आपण लिहिले आहे की टाकणे वाढवल्यावर दोन-चार लहान मासे लागले आणि मग शांत झाले. ते याच्याशी नेमके जुळते. लहान मासे चपळ असतात, नव्या आमिषाकडे ते आधी झेपावतात, आणि मोठे मासे वाहून आलेल्या शिलकीवर खालीच थांबतात. वाढीव आमिषाने आपण थवा परत बोलावला नाही, आणखी दूर लोटला.

थव्याला परत प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणायचे तर टाकणे कमी करायचे, पण थांबवायचे नाही, आणि टाकण्याची जागा दोन-तीन मीटर प्रवाहाच्या वरच्या अंगाला न्यायची. खालच्यांपर्यंत फक्त एखाददुसरी अळी पोहोचली पाहिजे. मधल्या काळात मासे हातचे जाऊ नयेत म्हणून फेरी लांब सोडावी. त्यासाठी तंगूस पाण्यावर तरंगत राहिला पाहिजे आणि काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंत त्याचा फुगा पडता कामा नये, नाहीतर झटका पोहोचेपर्यंत मासा आमिष थुंकून मोकळा होतो.

आता आपण विचारलेले प्रमाण. मध्यम प्रवाहात, उबदार दिवसात, हातभर लांबीच्या आतल्या थव्याच्या माशांसाठी मी प्रत्येक फेरीला दहा-बारा अळ्या टाकतो. हा आकडा ऐकून लोकांना ते फारच थोडे वाटते. पण फेरी मिनिटभराची असेल तर तासाला सहाशे-सातशे अळ्या होतात. फरक एवढाच की त्या एकाच गठ्ठ्याने न जाता सतत झिरपत जातात, आणि पाण्यात कोणत्याही क्षणी माशांच्या संख्येपेक्षा घास कमी असतात. ही टंचाई राखणे हेच सगळे कौशल्य आहे, कारण टंचाई असली की मासा पारखत बसत नाही. थंडीच्या दिवसांत हाच आकडा तीन-चारवर येतो, तोही एक फेरी सोडून. मासे शीतरक्ताचे असतात आणि पाण्याचे तापमान १० अंशांनी उतरले की त्यांच्या शरीराचा व्यवहार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून भूकही उशिरा लागते. रात्रीतून पाणी दोन-तीन अंशांनी गार झाले असेल तर कालचे प्रमाण आज चालणार नाही.

प्रमाणापेक्षा लय महत्त्वाची आहे. आधी आमिष टाकायचे, मग फ्लोट, आणि हा क्रम मासा लागला तरी मोडायचा नाही. मासा ओढत असताना दुसरा हात मोकळा असेल तर त्याच हाताने चार अळ्या नेहमीच्या जागी जाऊ द्याव्यात. नेमके लागलेल्या माशाच्या गडबडीत थवा बिथरलेला असतो, आणि त्याच वेळी वरून पडणारा घास बंद झाला तर तो पांगतो. मासे भराभर लागत असताना टाकणे विसरणे आणि ते थांबल्यावर भरमसाट टाकणे ही सर्वसाधारण माणसाची लय आहे. ती बरोबर उलटी हवी. आमिष दर वेळी एकाच रेषेत पडले पाहिजे. हाताने खालून झोकताना ते विखुरत असेल किंवा वारा आडवा असेल तर गलोल वापरावी, किंवा काठाच्या जवळची रेषा निवडावी. जवळच्या रेषेवर नेमके पडलेले आमिष दूरच्या रेषेवर विस्कटलेल्या आमिषापेक्षा कितीतरी जास्त मासे देते. नदीच्या मध्यात मासे जास्त असतात हा समज पुष्कळांच्या मनातून जात नाही, पण काठापासून दोन काठ्यांच्या अंतरावर जिथे वेगवान आणि मंद पाणी एकमेकांना घासून जाते, तिथे मासा कमी श्रमात उभा राहतो आणि घास त्याच्या तोंडासमोरून जातो.

तळाजवळच्या माशांसाठी आणखी एक गोष्ट आहे. पाणी वर वेगाने आणि तळाशी हळू वाहते, हे वर आलेच आहे. फ्लोट वरच्या पाण्यासोबत मोकळा सोडला तर तो गळाला तळाच्या पाण्यापेक्षा जास्त वेगाने ओढत नेतो, आणि बाजूने वाहणाऱ्या सुट्या अळ्यांना मागे टाकून पळणारी एकच अळी माशाला विचित्र वाटते. म्हणून फ्लोट थोडा रोखून धरावा, म्हणजे रिळावर बोट ठेवून तंगूस अडवत अडवत सोडावा, जेणेकरून आमिष फ्लोटच्या पुढे, तळाच्या वेगाने जाईल. जास्त रोखले तर गळ वर उचलला जातो. अशा वेळी खोली दहा-पंधरा सेंटिमीटर वाढवून पाहावी. कित्येकदा मासा नेमका तेव्हाच घेतो जेव्हा आपण फ्लोट क्षणभर पूर्ण थांबवतो, कारण आमिष तळावरून हळूच वर उठते. पण हे दर फेरीला एकाच जागी करू नये. खालच्या अंगाकडून वर वाहणारा वारा असेल तर रोखणे सोपे जाते. वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर तंगुसाला पोट पडते आणि जड फ्लोट घेण्यावाचून गत्यंतर नसते.

मासे हळूहळू थांबले की एकदम थांबले, हाही भेद करावा. हळूहळू थांबले तर ते वर किंवा खाली सरकले आहेत, आणि वरचे उपाय लागू पडतात. एका फेरीला मासा आणि पुढच्या फेरीपासून पूर्ण सामसूम असेल तर बहुधा शिकारी मासा जवळ आला आहे किंवा थवा घाबरला आहे. घाबरण्याला शास्त्रीय आधार आहे. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवले की लहान नदीमाशाची कातडी जखमी झाली की तिच्यातून पाण्यात असे द्रव्य मिसळते की त्याचे सोबती पळून जातात. कार्पच्या कुळात हा गुण सर्वत्र आढळतो. म्हणून गळाला लागलेला मासा थव्यातून लवकर बाजूला काढावा, शक्यतो काठाच्या मंद पाण्यातून ओढावा, आणि पाण्यात परत सोडायचा असेल तर बराच खाली नेऊन सोडावा. गळातून सुटून गेलेला मासा तर याहून वाईट, कारण तो थेट थव्यातच परततो. लागलेले मासे वारंवार सुटत असतील तर गळाचे टोक नखावर घासून पाहा. ते घसरत असेल तर गळ बदला.

याच कुळातल्या माशांमध्ये पोटातल्या वायूच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची साखळी असते. शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी तिचे वर्णन १८२० मध्ये केले होते. या साखळीमुळे त्यांचे ऐकणे इतर पुष्कळ माशांपेक्षा तीक्ष्ण असते. काठावर उठबस करणे, डबा आपटणे, दगडावर टाच घासणे हे सगळे पाण्यात पोहोचते. मासे धडाधड लागत असताना याचा परिणाम जाणवत नाही, पण नितळ आणि उथळ पाण्यात हीच गोष्ट थवा दूर सरकण्याचे पहिले कारण ठरते.

शिकारी मासा आला असेल तर फार काही करता येत नाही. टाकण्याची लय तशीच ठेवून दहा-पंधरा मिनिटे दुसऱ्या रेषेवर मासे धरावेत. त्यासाठी अशी दुसरी रेषा आधीपासून तयार असावी लागते. मी सुरुवातीपासूनच मुख्य रेषेच्या पलीकडे किंवा अलीकडे, दर तीन-चार फेऱ्यांमागे, पाच-सहा अळ्या टाकत राहतो आणि तिथे गळ न टाकता ती राखून ठेवतो. मुख्य थवा बिथरला की तिकडे वळायचे. तिथे दोन-तीन चांगले मासे मिळतात आणि तेवढ्यात पहिली जागा सावरते.

लहान माशांचा उपद्रव असेल तर मात्र छर्रे पसरवण्याचा वरचा उपाय उलटतो. पृष्ठभागाजवळ जमलेली चिल्लर अळी खाली उतरूच देत नाही. तेव्हा छर्रे गळापासून ४० ते ५० सेंटिमीटरवर एकत्र दाबून आमिष त्यांच्यामधून झटक्यात खाली न्यावे, आणि सुट्या आमिषातही लवकर बुडणारे कोष किंवा दाणे घ्यावेत. हे करताना सगळे आमिष बदलायचे, अर्धे नाही.

पुढच्या वेळी मासे थांबतील तेव्हा मी असे करीन: टाकण्याचे प्रमाण जसे आहे तसेच ठेवीन आणि पहिल्या तीन फेऱ्यांत फक्त गळ हलवीन. एक फेरी ३० सेंटिमीटर उथळ, एक फेरी पाच मीटर लांब, एक फेरी तळाशी रोखून. या तिन्हींपैकी एकीला तरी उत्तर मिळतेच असे नाही, पण मिळाले तर थवा कुठे आहे ते कळते. काहीच न लागल्यास आमिष निम्म्यावर आणून आणखी चार-पाच फेऱ्या पाहावे. त्यानंतरही फ्लोट हलला नाही तरच गळ बारीक करणे, तंगूस पातळ करणे, आमिष बदलणे याकडे जावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर मासा कशामुळे लागला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. नदीचे पाणी चढत असेल किंवा गढूळ होऊ लागले असेल तर हा क्रम बाजूला ठेवा: खोली आणि वेग दोन्ही बदललेले असतात, सहा मीटरांचा हिशेब आठ-दहावर गेलेला असतो, आणि आमिष टाकण्याची जागा आधी तेवढी वर न्यावी लागते.